वडापावची गाडी आणि आपलं ध्येय

मांडव्याच्या जेट्टीवर बोट सुटायची वेळ झाली की वडापावच्या गाडीवर झुंबड उडते. तिथं काम करणारा कॉलेजचा मुलगा काय शिकतो? ऑर्डर नीट ऐकायची, पुन्हा म्हणून दाखवायची. चूक झाली तर वाद न घालता आधी वडापाव बदलून द्यायचा. हे पुढं कुठल्याही नोकरीत कामी येतं.

१९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची वाट दाखवली. त्यात कमाई शिक्षणासाठी होती. रोजचे पैसे हातात खेळू लागले की अभ्यास मागं पडतो, हे आपण पाहतो. म्हणून कामाला लागतानाच दोन गोष्टी लिहून ठेवूया: पैसे कशासाठी हवेत आणि परीक्षेआधी काम कधी थांबवायचं.