बोटीचा गिअर रेशो : कालव्यात लपलेली चूक

ईलिंगमध्ये राहणाऱ्यांना हॅनवेलची सहा लॉक्स माहीत असतील. ग्रँड युनियन कालवा तिथे पायऱ्या उतरावा तसा खाली येतो आणि पुढे ब्रेंटफर्डला थेम्सला मिळतो. या पट्ट्यात लांबट नॅरोबोटींसोबत फायबरग्लासच्या छोट्या क्रूझरही दिसतात. अशीच एक जुनी क्रूझर माझ्या मित्राने घेतली. पहिल्याच हंगामात पंखा पाण्याखालच्या कशावर तरी आपटला. खाडकन आवाज झाला, इंजिन चालू राहिलं, पण बोट जागची हलेना.

त्याच्या बोटीला स्टर्नड्राइव्ह आहे. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून, आणि गिअर, पंखा व सुकाणूचं काम करणारा 'पाय' भिंतीबाहेर पाण्यात. ही रचना 1959 साली व्होल्व्हो पेंटाच्या 'ॲक्वामॅटिक'मुळे बाजारात रुजली. या पायात शक्ती दोनदा काटकोनात वळते : इंजिनाकडून आडवी येते, वरच्या गिअरजोडीत खाली वळते, खालच्या जोडीत पुन्हा आडवी होऊन पंख्याकडे जाते.

खालचं तेल काढलं तर ते ताकासारखं पांढुरकं झालेलं. याचा अर्थ सील फुटून पाणी आत शिरलंय. ड्रेनच्या बोल्टवरच्या लोहचुंबकाला नुसती काळी भुकटी चिकटली तर फारसं बिघडत नाही, पण इथे दातांचे तुकडे होते. पंखा मात्र जवळजवळ शाबूत! तो स्टेनलेस स्टीलचा होता. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा आघातात स्वतः वाकतो आणि गिअरला वाचवतो. स्टील वाकत नाही, धक्का आत पाठवतं. फ्यूजच्या जागी जाड तार लावल्यासारखं.

आता खरा प्रश्न. मित्राला एक वापरलेला पूर्ण ड्राइव्ह स्वस्तात मिळत होता. त्याच्या ड्राइव्हवर 1.94 हा आकडा होता, या दुसऱ्यावर 1.47. विकणारा म्हणाला, "उलट बरंच आहे, पंखा जास्त फिरेल, बोट जास्त पळेल." मित्राने मला विचारलं, "गणित बघ ना जरा."

1.94 म्हणजे इंजिनाचे 1.94 फेरे झाले की पंख्याचा एक. इंजिन 4600 आरपीएमवर असेल तर पंखा सुमारे 2370 वर. त्याच वेळी 1.47 चा ड्राइव्ह पंख्याला 3130 वर फिरवू पाहील. इथपर्यंत विकणाऱ्याचं बरोबर. पण पाणी फुकट फिरू देत नाही. पंखा फिरवायला लागणारी पीळशक्ती, म्हणजे टॉर्क, ढोबळमानाने वेगाच्या वर्गानुसार वाढते आणि शक्ती घनानुसार. पंखा 1.32 पट वेगाने फिरवायचा तर शक्ती 1.32 × 1.32 × 1.32, म्हणजे जवळजवळ 2.3 पट हवी. तीन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ती कुठून आणणार?

मग होतं काय? इंजिनाचा टॉर्क साधारण स्थिर धरला, तर इंजिनाचा वेग रेशोच्या दीड घातानुसार खाली येतो. 1.47 भागिले 1.94 म्हणजे 0.76, त्याचा दीड घात 0.66. म्हणजे पूर्ण थ्रॉटल देऊनही 4600 ऐवजी इंजिन 3000 च्या आसपास अडकेल. पंखाही आधीच्या 2370 वरून 2060 वर येईल. वेग वाढायचा सोडाच, बोट मंदावेल.

खंबाटकी घाट टॉप गिअरमध्ये चढू पाहणारी एसटी आठवा. इंजिन धडधडतं, तापतं, गाडी पुढे सरकत नाही. पेट्रोल इंजिन असं फार वेळ रेटलं तर आत नॉकिंग होऊन पिस्टन जातात. म्हणूनच 1.47 च्या आसपासचे रेशो मोठ्या व्ही-एट इंजिनांना देतात आणि छोट्या इंजिनांना दोनच्या जवळचे.

यात फसवं हे की कालव्यात ही चूक कळणारच नाही. तिथे वेगमर्यादा ताशी 4 मैल. इंजिन जेमतेम जागं असतं. ब्रेंटफर्डचं लॉक ओलांडलं की थेम्स भरती-ओहोटीची आहे. ओहोटीच्या विरुद्ध मुलाबाळांसह परतताना जोर लागेल, तेव्हा ती उघडी पडणार. पूर्ण थ्रॉटलची चाचणी इथे वेगमर्यादेमुळे घेता येत नाही, म्हणून गणित आधीच करायचं.

मग 1.47 चा ड्राइव्ह वापरताच येणार नाही का? येईल, पण पंखा बदलावा लागेल. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, स्क्रूसारखा, कागदोपत्री किती पुढे जाईल ते अंतर. सध्याचा 17 इंच पिच त्याच प्रमाणात कमी केला तर 13 इंच येतो. इंजिनाची घुसमट बरीच कमी होते. मात्र जड, संथ बोटीला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा जास्त मानवतो : थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू ढकलण्यात शक्ती कमी वाया जाते.

आमच्या कामाची गोष्ट वेगळीच निघाली. हा ड्राइव्ह मर्क्रूझरच्या 'अल्फा वन' घराण्यातला. यात खालच्या जोडीचा रेशो सगळीकडे सारखाच, सुमारे 1.62, फरक वरच्या जोडीत असतो. 1.94 मध्ये वरची जोडी वेग आणखी 1.2 पट कमी करते, 1.47 मध्ये उलट किंचित वाढवते. मोडला होता तो खालचा भाग! म्हणजे फक्त तेवढाच, त्याच पिढीचा घेतला की रेशो जागच्या जागी. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचे भाग मात्र एकमेकांना बसत नाहीत.

वरचा भागही उघडून दाते, बेअरिंग आणि युनिव्हर्सल जॉइंट तपासले, कारण धक्का वरपर्यंत जातो. रबरी बेलोज नवे घातले. ते फाटले तर पाणी थेट बोटीत येतं. जोडल्यावर, बोटीवर चढवण्याआधी, ड्राइव्ह पुढच्या गिअरमध्ये टाकून वरचा शाफ्ट हाताने फिरवला आणि पंख्याचे दहा फेरे मोजले. वरचे फेरे एकोणीस आणि वर थोडे भरले. 1.47 असता तर पंधराच्याही आत संपले असते.

वापरलेला ड्राइव्ह घेताना पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. मधे कोणी गिअर बदललेले असू शकतात. खडूची एक खूण आणि दहा फेरे, एवढं पुरतं. मित्राने या वेळी पंखाही अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. पुढच्या वेळी काही आपटलं तर तो वाकू दे.