काचेची इमारत आणि समोरचा दुकानदार

लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरील काचेच्या उत्तुंग इमारतीची दक्षिण बाजू अंतर्गोल आहे. २०१३ साली तिने सूर्यकिरण एकवटून रस्त्यावर टाकले. उभ्या मोटारीचे भाग वितळले, समोरच्या दुकानाचे पायपुसणे करपले. पुढे २०१४ साली तिच्यावर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

अबुधाबीच्या अल बहर मनोऱ्यांत मात्र २०१२ सालीच ही योजना आरंभापासून होती. जुन्या अरबी जाळीच्या धर्तीवरील पडदे ऊन येईल त्या बाजूस यंत्राने पसरतात, सरताच मिटतात. आम्ही दुपारी पेढीवर गोणपाट सोडतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त खर्च अफाट! दर्शनी काच लावू इच्छिणाऱ्या सभासद बंधूंनी नकाशा मंजूर करण्यापूर्वी, परावर्तित ऊन कोणाच्या गल्ल्यावर पडेल, हे वास्तुशिल्पज्ञास अवश्य विचारावे.