पर्वतीय सायकल, सपाट रस्ता

मध्य दिल्लीतील झंडेवालान हा देशातील सायकलींच्या प्रमुख घाऊक बाजारांपैकी एक मानला जातो. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या जेथे शिकल्या त्या पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालयापासून तो फारसा दूर नाही. जुन्या दिल्लीत चांदणी चौकाजवळचा एस्प्लनेड रोड सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, तर तयार सायकल पाहण्यासाठी ग्राहक झंडेवालानकडे वळतो. येथील दुकानांच्या दर्शनी भागात आज रुंद, खाचदार टायरांच्या आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेल्या सायकली ओळीने उभ्या दिसतात. दोन दांड्यांची, भक्कम कॅरियरची काळी सायकल बहुधा मागच्या बाजूला असते. व्यापाराच्या भाषेत काळी सायकल म्हणजे ‘स्टँडर्ड’ आणि बाकीच्या सगळ्या ‘फॅन्सी’. या फॅन्सी गटाचा चेहरामोहरा ठरवला तो ‘एमटीबी’ या तीन अक्षरांनी, म्हणजे डोंगरावर चालवण्याच्या सायकलीने.

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा राजधानी क्षेत्राचा बहुतांश प्रदेश सपाट आहे. अरवलीची शेपटी तेवढी गुरुग्राम-फरीदाबादकडून शहरात शिरते. पण तीही टेकड्यांचीच. असे असताना डोंगरी सायकल येथे एवढी का खपावी, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. सायकल हे आजही लक्षावधी कष्टकऱ्यांचे वाहन आहे आणि बाजार ज्या दिशेने वळतो त्या दिशेने त्यांची निवडही वळवली जाते.

या सायकलीचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडत. उतार इतका तीव्र असे की पॅडल उलटे दाबून लावायच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा तयार केला. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीने ‘स्टम्पजंपर’ ही सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगला स्थान मिळाले. भारतात याच सुमारास ‘हर्क्युलिस एमटीबी’, ‘हिरो रेंजर’ अशी नावे शाळकरी मुलांच्या तोंडी झाली होती. मात्र या सायकलींनी मूळ सायकलीचे रूप घेतले, तिचे यंत्र नव्हे. सांगाडा साध्या पोलादाचा, वेग एकच. टायर जाड आणि हँडल सरळ. किंमत आटोक्यात ठेवायची तर तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

चिमट्यातील स्प्रिंग

ग्राहकाला सर्वाधिक भुरळ पडते ती पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगची, म्हणजेच ‘शॉकर’ची. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि हाताला बसणारा धक्का कमी होतो, इथपर्यंत ठीक. परंतु दबलेली स्प्रिंग परतताना तितक्याच जोराने उसळते. ही उसळी रोखण्यासाठी चांगल्या चिमट्यात तेलाची नळी असते. तेल बारीक छिद्रांतून जाताना उसळीची ऊर्जा शोषून घेते. स्वस्त चिमट्यात ही सोय नसते, असतो तो केवळ स्प्रिंगचा वेटोळा. अशी सायकल खडबडीत उतारावर चाकाची पकड वाढवण्याऐवजी कमी करते. शिवाय साध्या पोलादी चिमट्यापेक्षा तिचे वजन किलो-दीड किलोने वाढते. पाठीमागेही स्प्रिंग बसवलेल्या स्वस्त सायकलींत तर पायाच्या जोराचा काही भाग सायकल वरखाली हलवण्यातच खर्ची पडतो. दुकानासमोर दोन फेऱ्या मारताना हे लक्षात येत नाही. रोज दहा-बारा किलोमीटर अंतर तोडणाऱ्याला ते गुडघ्यांत जाणवते.

सायकल हाताळायला कशी वाटेल हे मुख्यतः सांगाड्याची भूमिती ठरवते. हँडल ज्या नळीतून खाली उतरते ती जमिनीशी किती अंशाचा कोन करते, हा त्यातील कळीचा भाग. १९९० च्या दशकातील डोंगरी सायकलींत हा कोन साधारण ७१ अंशांचा असे. अलीकडच्या, खडतर वाटांसाठी घडवलेल्या सायकलींत तो ६५-६६ अंशांपर्यंत खाली आला आहे. नळी जितकी कललेली, तितके पुढचे चाक स्वाराच्या पुढे जाते. तीव्र उतारावर तोल सांभाळणे सोपे होते, मात्र गर्दीत चटकन वळणे थोडे जड जाते. हँडलची रुंदीही पूर्वीच्या सुमारे ६०० मिलिमीटरवरून ७५० च्या आसपास गेली. जंगलवाटेवर ही रुंदी वरदान ठरते. चावडी बाजारात मात्र दोन रिक्षांच्या फटीतून निघताना तीच अडसर होते.

मापाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. काळ्या सायकलीत बाविशी आणि चोविशी अशी सांगाड्याची मापे असत आणि दुकानदार गिऱ्हाइकाचा पाय पाहून सायकल काढून देई. स्वस्त एमटीबी बहुतेकदा एकाच मापात येते. पाच फुटांची मुलगी आणि पावणेसहा फुटांचा तिचा भाऊ तीच चालवतात. पाठ किंवा मनगट दुखू लागले की दोष रस्त्याला दिला जातो.

टायरांचे गणितही असेच. खाचदार टायर मऊ मातीत रुततो आणि पकड घेतो; डांबरावर त्याच खाचा दबत-सुटत राहतात आणि श्रम वाया जातात. दिल्लीच्या रिजवर किंवा मांगरच्या बाजूच्या अरवलीत, क्वार्ट्झाइटच्या धारदार खड्यांवर, जाड टायर खरोखर उपयोगी आहे. पण तेथे दुसरा शत्रू दबा धरून असतो: विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. तिचा काटा जाड टायरालाही जुमानत नाही. म्हणूनच नियमित डोंगरस्वार ट्यूब काढून टाकतात आणि टायरात छिद्र आपोआप बुजवणारे द्रव भरतात.

किंमत कशाची

आज साधी, गिअर नसलेली देशी एमटीबी सहा ते दहा हजार रुपयांत मिळते. सात दात्र्यांचा संच, डिस्क ब्रेक आणि स्प्रिंगचा चिमटा आला की किंमत बारा ते वीस हजारांवर जाते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि बरा चिमटा हवा असेल तर तीस-पन्नास हजारांची तयारी ठेवावी लागते. त्यापुढच्या परदेशी बनावटीच्या सायकली लाखाच्या घरात सहज पोहोचतात. वीस हजारांची आणि साठ हजारांची सायकल दुरून सारखीच दिसते. फरक असतो तो न दिसणाऱ्या जागी: छर्ऱ्यांच्या दर्जात, आऱ्यांच्या ताणात, रिमच्या धातूत आणि वजनात. पहिली सोळा-सतरा किलो भरेल, दुसरी तेरा-चौदा.

करांचाही वाटा आहे. २०१७ पासून सायकलींवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के करण्यात आला. करपूर्व किंमत दहा हजार असलेली सायकल त्यामुळे ११,२०० ऐवजी १०,५०० रुपयांना मिळू शकते. कपात सर्वांना सारख्याच टक्क्यांची असली तरी सहा हजारांच्या सायकलीमागे ४२० रुपये वाचतात आणि साठ हजारांच्या सायकलीमागे ४,२०० रुपये. आयात सायकलींवरील सीमाशुल्क २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्क्यांवर नेण्यात आले होते. बांगलादेश व श्रीलंकेतून मुक्त व्यापार करारांखाली सवलतीत येणाऱ्या सायकलींबद्दल मात्र देशी उत्पादकांची तक्रार जुनी आहे.

खरेदीदार कसा बदलला

राजधानी क्षेत्रातील या बदलात २००५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दिल्लीत शिव इंदर सिंग यांनी ‘फायरफॉक्स’ ही कंपनी सुरू केली. सायकल ही प्रौढ, कमावत्या माणसाने छंद आणि व्यायामासाठी घ्यायची वस्तू आहे, ही कल्पना तिने रुजवली. वातानुकूलित दालनात सायकल मांडण्याची पद्धतही तेव्हाच रूढ होऊ लागली. २०१५ मध्ये ही कंपनी लुधियानाच्या हिरो सायकल्सने विकत घेतली. पुढे ‘डेकॅथलॉन’सारख्या मोठ्या क्रीडासाहित्य दालनांत ग्राहक स्वतः सायकल चालवून पाहू लागला. गुरुग्राम आणि नोएडातील संगणक क्षेत्रात काम करणारा वर्ग या बाजाराचा कणा बनला. पहाटे पाचला गैरतपूर बासजवळच्या ‘लेपर्ड ट्रेल’कडे निघणारे स्वारांचे जथे त्याच वर्गातले.

या वर्गाचा अनुभव बहुतेकदा एका क्रमाने जातो. पहिली सायकल रुंद टायरांची एमटीबी, कारण ती दणकट दिसते आणि खड्ड्यांची भीती असते. काही महिन्यांत लक्षात येते की आपण चालवतो ते डांबरावरच. मग दुसरी सायकल घेतली जाते ती अरुंद टायरांची ‘हायब्रिड’ किंवा थेट शर्यतीच्या धाटणीची. पहिली एमटीबी वापरलेल्या मालाच्या बाजारात जाते आणि सोसायटीतील सुरक्षारक्षक किंवा घरकामगार तिचा पुढचा मालक होतो.

दुसरा बदल घरपोच विक्रीचा. पूर्वी सायकल म्हणजे मिस्त्रीच्या हातून निघालेली वस्तू होती. चाक ‘आउट’ नाही ना, छर्रे नीट बसले का, हे तो पाहत असे. आता सायकल खोक्यात, अर्धीमुर्धी जोडलेली येते. तिच्यात वारंवार आढळणारी चूक म्हणजे पुढचा चिमटा उलट्या दिशेने बसवणे. सायकल चालते, पण वळताना पाय चाकाला लागतो. अशा सायकली शहरात आजही फिरताना दिसतात आणि त्यांच्या चालकांना नवी सायकल अशीच असते असे वाटत असते.

याच बाजाराची दुसरी बाजू साहिबाबादने पाहिली. १९५१ मध्ये जानकीदास कपूर यांनी हरियाणातील सोनीपत येथे ‘अ‍ॅटलस’ची स्थापना केली, पुढे देशातील अग्रगण्य उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. कंपनीचा मध्य प्रदेशातील मालनपूरचा कारखाना २०१४ मध्ये, सोनीपतचा २०१८ मध्ये आणि शेवटचा, गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबादचा, ३ जून २०२० रोजी थांबला. कच्चा माल घेण्यापुरताही पैसा उरलेला नाही, अशी सूचना फाटकावर लागली. शेकडो कामगार घरी बसले. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत टाळेबंदी शिथिल झाली, व्यायामशाळा बंदच होत्या आणि सायकलींची मागणी इतकी वाढली की गिअरच्या सायकलींसाठी ग्राहकांना वाट पाहावी लागली. मागणी होती, ती प्रामुख्याने फॅन्सी गटाला.

स्टँडर्ड सायकल तगून आहे ती बऱ्याच अंशी शासकीय खरेदीवर. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींसाठी सायकल योजना सुरू केली, पश्चिम बंगालने २०१५ मध्ये ‘सबुज साथी’. पण दिल्लीत सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २००१ च्या जनगणनेतील सुमारे ३८ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ३१ टक्क्यांवर आले, त्याच दशकात देशपातळीवर ते किंचित वाढले असतानाही. दिल्लीच्या या घसरणीचे सगळे खापर किमतीवर फोडता येणार नाही. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा जलद बसमार्ग झाला तेव्हा त्यालगत स्वतंत्र सायकलपट्टा होता. २०१६ मध्ये तो मार्गच उखडला गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण सकाळी सायकलने जात असताना मोटारीच्या धडकेने गंभीर जखमी झाल्या. सायकलींवर परावर्तक बंधनकारक करणारा आदेश २०२० मध्ये निघाला खरा. परंतु धूर आणि धुक्याच्या हिवाळी रात्री परावर्तक चमकायलाही मागून येणाऱ्या वाहनाचा वेग आवाक्यात असावा लागतो. २०२२ मध्ये दिल्ली सरकारने पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना ५,५०० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. रस्त्यावरची जागा मात्र अनुदानाने मिळत नाही.

ओखला किंवा नोएडाच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटताना पाहिले तर एमटीबी तेथेही आता सर्रास दिसते. नवी घेतलेली, हप्त्यावर घेतलेली किंवा कोणाकडून आलेली. तिचा नवा मालक पहिल्या आठवड्यातच मिस्त्रीकडे जातो. मडगार्ड, स्टँड, साखळीचे झाकण आणि कॅरियर हे काळ्या सायकलीसोबत मिळणारे सामान त्याला वेगळे पैसे मोजून बसवावे लागते. पुष्कळ सायकलींच्या मागच्या भागात कॅरियरच्या बोल्टसाठी छिद्रेच ठेवलेली नसतात. मिस्त्री मग लोखंडी पट्टी वाकवतो, पकडीने सांगाड्याला आवळतो आणि त्यावर जेवणाचा डबा बांधण्यासाठी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून देतो.