ग्लिसरीनमधले चिमूटभर मीठ

दिवाळीच्या थंडीत ओठ फुटू लागले, की ग्लिसरीनची बाटली घरोघर कपाटातून बाहेर येते. पाण्यासारखे नितळ आणि मधासारखे दाट असे हे द्रव्य कुणाला ठाऊक नाही? पण बायोडिझेलच्या कारखान्यात तळाशी साचणारे काळपट ग्लिसरीन पाहिलेत, तर गृहिणी ते घरातही घेणार नाहीत!

बायोडिझेलची कृती साबणाच्या कृतीची सख्खी चुलतबहीण. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून, ऊन करून ढवळायचे. वर बायोडिझेल तरंगते, खाली ग्लिसरीन बसते. १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोप-अमेरिकेत हे ग्लिसरीन इतके साचले, की त्याचे भाव कोसळले. मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. तांबेयुक्त उत्प्रेरकाच्या मदतीने ग्लिसरीनपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल बनविण्याच्या पद्धतीबद्दल मिसूरी विद्यापीठाचे गॅलेन सपेस यांना २००६ साली अमेरिकेतील हरित रसायनशास्त्राचा मोठा पुरस्कार मिळाला.

घोडे अडते ते भेसळीपाशी. उरलेला सोडा मारायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्यातून तयार होते आपले रोजचेच मीठ! ते उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर ठाण मांडते, त्यातले क्लोराइड तांब्याला निकामी करते, आणि महागडा उत्प्रेरक लवकर म्हातारा होतो.

बरे, जिवाणूंकडून काम करून घ्यावे, तर तेही नाजूक. क्लॉस्ट्रिडियम जातीचे काही जिवाणू ग्लिसरीन खाऊन कृत्रिम धाग्यांना लागणारे प्रोपेनडायॉल बनवतात. पण मीठ फार झाले, की त्यांच्या पेशींतले पाणी ओढले जाते. लोणचे टिकते ते याच गुणामुळे! मिथेनॉलचे तेवढे भय नाही, तापवले की ते उडून जाते. साबण मात्र चिवट. चकल्या-कडबोळी तळून तळून काळवंडलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात, म्हणून त्याचे बायोडिझेल करताना साबणही अधिक होतो. आम्ल घालून तो फोडता येतो, परंतु त्या खटाटोपात मीठ आणखी वाढते!

ऊर्ध्वपातनाने ग्लिसरीन निर्मळ होते खरे. पण ते उकळते २९० अंशांना, आणि तिथवर जाताना बिघडू लागते. म्हणून निर्वात यंत्रे हवीत. लहान कारखान्याला हा खर्च कुठून झेपणार?

आमच्या मते शहाणपण मुळातच आहे. सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश व शेवटी फॉस्फोरिक आम्ल वापरले, तर मिठाच्या जागी पोटॅशियम फॉस्फेट मिळते. ते गाळून वेगळे काढता येते आणि शेताला खत म्हणून घालता येते.