तीनशे रुपये आणि वर साठ

रविवारच्या शाळेत मुलांना सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, जक्कयाची! बुटका माणूस, रस्त्यावर ही गर्दी, येशू येतोय पण दिसत नाही, म्हणून हा गृहस्थ धावत पुढे जातो आणि चक्क उंबराच्या झाडावर चढतो. नाताळच्या कार्यक्रमात जक्कय कोणी व्हायचं यावरून मुलांची भांडणं होतात. स्टुलावर चढायचं, येशूनं हाक मारली की धपकन उडी मारायची आणि टाळ्या घ्यायच्या. आमचं नाटक तिथंच संपतं. मी स्वतः कितीतरी वर्षं ते तिथंच संपवत आले.

पण बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात, ही गोष्ट पुढे जाते. जक्कय यरीहो गावात जकातदारांचा मुखिया होता. रोमन राज्यात कर गोळा करणारे लोकांकडून ठरल्यापेक्षा जास्त उकळायचे, त्यातच श्रीमंत व्हायचे. त्यामुळे गाव त्याच्या नावानं बोटं मोडत असणार. अशा माणसाच्या घरी येशू आपणहून पाहुणा गेला, म्हणून लोक कुजबुजायला लागले. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की, माझी निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाकडून फसवून काही घेतलं असेल तर ते चौपट परत करतो.

मला यात दोन गोष्टी फार विचार करायला लावतात. एक म्हणजे, ‘पैसे परत कर’ असं येशूनं त्याला सांगितल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. येशू आधी त्याच्या घरी गेला, भरपाईचं नंतर निघालं. म्हणजे पैसे मोजून क्षमा विकत घेतली असा हा प्रकार नाही. दुसरी गोष्ट त्या ‘चौपट’ शब्दाची. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, एक नियम आहे. कुणाची ठेव बुडवली, सापडलेली वस्तू नाकारली, फसवून काही घेतलं, आणि मग चूक उमगली, तर ते पुरतं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. देवाचं अर्पण त्याच्या सोबत, त्याच्याऐवजी नाही. चौपटीचा नियम वेगळा, तो निर्गम पुस्तकात आहे. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाला चार द्यायची. जक्कयानं स्वतःला पाचव्या हिश्श्याचा सोपा नियम लावला नाही, चोराचा लावला. ‘माझ्या हातून जरा जास्त घेतलं गेलं’ असं तो म्हणाला नाही!

आपल्याकडे म्हणतात ना, झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही ख्रिस्ती लोकही काही कमी नाही. ‘प्रभूनं क्षमा केली’ म्हटलं की आम्ही मोकळे. ज्याचं नुकसान झालं, तो बसलाय तिथंच. खरं तर चर्चची शिकवण याबाबतीत फार जुनी आणि कडक आहे. पाचव्या शतकात होऊन गेलेल्या संत ऑगस्टीननी एका पत्रात लिहिलं आहे की, परत करणं शक्य असूनही जो दुसऱ्याचं परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप हा नुसता देखावा. कॅथलिक चर्चच्या 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर पैशाबरोबर बदनामीचीही भरपाई सांगितली आहे आणि क्षमा मिळाली तरी ती चुकत नाही, असंही म्हटलं आहे. पूर्व आफ्रिकेत 1930च्या दशकात रुवांडातल्या गाहिनी गावापासून मोठं धर्मजागरण सुरू झालं, ते युगांडा-केनियात पसरलं. त्यात माणसं नुसती रडली नाहीत, चोरलेल्या वस्तू आणि पैसे घेऊन ज्याच्या त्याच्या दारात गेली.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. रविवारी शिकवतही होते. पण माझ्या दारात ते आलं त्याची हकिगत सांगते.

आमच्या वस्तीतला महिला बचत गट चौदा जणींचा. सचिव मी, वही माझ्याकडे. महिन्याला पन्नास रुपये. त्यातली एक बाई नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायची. एका वर्षी दिवाळीनंतर निघताना ती माझ्या दारात आली. घरात दिराचं लग्न, पाहुण्यांची ये-जा, माझे हात पिठात. ‘ताई, सहा महिन्यांचं आत्ताच घ्या’ म्हणत तिनं तीनशे रुपये दिले. ट्रक खोळंबला होता, ती गेली. वहीत लिहायचं राहिलं, आणि राहिलं ते डोक्यातूनही गेलं.

पाडव्यानंतर ती परतली. बैठकीत वही उघडली तर सहा महिन्यांचे रकाने कोरे. ती म्हणाली, ‘ताईंच्या हातात दिलेत की.’ मी शपथेवर सांगितलं असतं की दिलेले नाहीत, इतकी माझी खात्री! ‘अगं, दिले असते तर मी लिहिले नसते का?’ असं मी म्हटलं, आणि दोघीतिघी हसल्या. त्या महिन्यात शेळीसाठी कर्ज मिळायचा तिचा नंबर होता, तो दुसरीला गेला. महिन्याला पाच याप्रमाणे तीस रुपये दंडही बसला. पुढच्या महिन्यात आपली बचत घेऊन ती गटातून बाहेर पडली. मला वाईट वाटलं, पण ‘खोटं बोलली म्हणून आता लाजतेय’ असंही मी मनात म्हटलं. हे लिहायला आजही जड जातंय.

दोन वर्षांनी मे महिन्यात कपाटावरची रद्दी काढत होते. त्यात लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. एका पत्रिकेच्या पाकिटावर माझ्याच अक्षरात तिचं नाव, आत शंभराच्या तीन नोटा.

मी तशीच खाली बसले.

पहिला विचार काय आला सांगू? पुढच्या रविवारी हे पैसे दानाच्या पिशवीत टाकावेत. दुसरा विचार, मुलाबरोबर पाकीट पाठवून द्यावं. ‘सापडले, चुकून राहिले होते’ एवढीच चिठ्ठी. यजमान म्हणाले, ‘तू काही खाल्ले नाहीस ना? मग एवढं काय!’ हेही खरंच होतं. पण मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. ‘आधी जा’ म्हटलंय, पाठव म्हटलेलं नाही. आणि मी पैसे खाल्ले नव्हते हे खरं असलं, तरी तिचं नाव तर खाल्लं होतं!

तीनशे आणि वर पाचवा हिस्सा, साठ. तीनशे साठ रुपये घेऊन भर उन्हात तिच्या खोपटापर्यंत गेले. तिनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पाकीटही दाखवलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा ‘जाऊ द्या ताई’ म्हणेल. तिनं नोटा मोजल्या, पदरात बांधल्या. मग म्हणाली, ‘पैशे ठिवते ताई. पन त्या दिशी समद्या हसल्या, त्ये कसं परत करनार?’

मी म्हटलं, बैठकीत सगळ्यांसमोर सांगते.

‘आन् ह्यांना?’ तिनं शेताकडं बोट केलं. तेव्हा मला कळलं की, ते तीनशे रुपये मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले होते. गटाच्या वहीत पैसे नाहीत म्हटल्यावर नवऱ्याला वाटलं, हिनं माहेरी दिले. त्यावरून दोन वर्षं घरात काय काय झालं, ते तिनं थोडक्यात सांगितलं, मी इथं लिहीत नाही. शेळीचं कर्ज हुकलं म्हणून त्या साली आणखी उचल घेतली, ती अजून फिटायची होती. मी शेळीची किंमत देऊ केली. तिनं मान हलवली. ‘शेळीचं माझं मी बघीन. तुमी ह्यांना सांगा.’

बांधावर जाऊन सांगितलं. एका परक्या पुरुषासमोर, डोक्यावरचा पदर सावरत, ‘चूक माझी होती, तुमची बायको खरं बोलत होती’ हे म्हणायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा अख्ख्या गटाचा जमाखर्च मांडायलाही लागत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. बायकोकडं पाहिलं, खाली मान घालून थोडा वेळ गप्प बसला आणि मग तिला म्हणाला, ‘च्या टाक.’

जूनच्या बैठकीत तिला बोलावलं. मी उभं राहून सगळं सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं, त्याखाली सही केली. दंडाचे तीस रुपये परत करण्याचा ठराव झाला. सचिवपद सोडते म्हणाले, पण ते कुणी घ्यायला तयार नव्हतं. मग असं ठरलं की, बैठकीबाहेर कुणी पैसे घ्यायचे नाहीत, आणि घेतलेच तर तिथल्या तिथं पासबुकात सही करून द्यायची. परत गटात ये म्हणून सगळ्यांनी तिला आग्रह केला. ती आली नाही. तिच्या वस्तीवर आता दुसरा गट आहे, त्यात ती आहे.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघी जूनच्या बैठकीला नव्हत्या, गाव सोडून गेल्या होत्या. एक पुण्याला असते, तिला फोन करून सगळं सांगितलं. दुसरीचा नंबर अजून मिळालेला नाही.