नुकसान कोणाच्या खिशातून?

आम्ही दोघी पुण्यात सायबर सुरक्षेचं काम करतो. म्हणजे कंपन्यांच्या संगणकांवर पहारा. लोक विचारतात, "मग तुम्ही चोर पकडता का?" चोर पोलीस पकडतात. आम्ही दारं-खिडक्या तपासतो, कोण कुठून आत शिरायला बघतंय त्यावर नजर ठेवतो. दहा-बारा वर्षं हे केल्यावर आम्ही नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या एमबीएला नाव घातलं. घरी प्रश्न आला, "संगणकातलं एवढं येतं, आता ताळेबंद शिकून काय करणार?" त्याचं उत्तर आज सांगतो, कारण त्यातला एक भाग तुमच्या बँक खात्याशी जोडलेला आहे.

आमच्या धंद्यात अहवाल रंगांत लिहितात. लाल म्हणजे फार धोका, पिवळा म्हणजे मध्यम. हा अहवाल संचालकांच्या बैठकीत गेला की ते विचारतात, "बरं, म्हणजे किती रुपये?" तिथे आमची माणसं गप्प होतात. मग विक्री खात्याची मागणी मंजूर होते आणि आमची पुढच्या वर्षावर जाते. बैठकीत बाई एकटीच असेल तर तिला जरा जास्तच घाबरट समजतात, हेही सांगून टाकतो.

वर्गात आमच्या गटात साखर कारखान्याचे एक हिशेबनीस होते. त्यांनी आम्हाला सोपं गणित घातलं. एखादी चोरी दहा वर्षांत एकदा होईल असा अंदाज आहे, आणि झाली तर ५० लाखांचं नुकसान. म्हणजे वर्षाला सरासरी ५ लाख. आता ही चोरी टाळायला वर्षाला किती खर्च करायचा? गॉर्डन आणि लोएब या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी २००२ साली यावर एक सूत्र मांडलं. काही गृहीतं धरली, तर अपेक्षित नुकसानीच्या साधारण ३७ टक्क्यांहून जास्त खर्च परवडत नाही, असं ते सांगतं. आपल्या उदाहरणात तो आकडा १ लाख ८५ हजार होतो. पाच हजारांच्या ऐवजासाठी कोणी वीस हजारांची तिजोरी घेत नाही, तसंच हे. अंदाजच चुकला तर सगळं गणित चुकतं, हे खरं. पण "धोका लाल आहे" यापेक्षा "वर्षाला ५ लाख" हे वाक्य बैठकीत ऐकून घेतलं जातं.

खरा धडा मात्र अर्थशास्त्राच्या तासाला मिळाला. केंब्रिज विद्यापीठातले रॉस अँडरसन हे संगणक सुरक्षेतलं मोठं नाव. २००१ साली त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात एटीएमचं उदाहरण आहे. अमेरिकेत ग्राहक म्हणाला, "हे पैसे मी काढले नाहीत," तर त्याचं म्हणणं खोटं आहे हे बँकेने सिद्ध करायचं, नाहीतर पैसे परत द्यायचे. ब्रिटनमध्ये बराच काळ उलटं होतं, ग्राहकानेच स्वतःला खरं ठरवायचं. मग जास्त फसवणूक कुठे झाली? ब्रिटनमध्ये. तिथल्या बँका तक्रार झटकून टाकू शकत होत्या, म्हणून निष्काळजी झाल्या. यंत्रं दोन्हीकडे सारखीच. फरक होता तो नुकसान कोणाच्या खिशातून जाणार, एवढाच.

आम्ही इतकी वर्षं कुलपं बघत होतो. ज्याच्या हातात कुलूप आहे त्याचं स्वतःचं काही जात नसेल, तर तो चांगलं कुलूप कशाला घेईल? हा प्रश्न संगणकाच्या पुस्तकात नसतो.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. खातेदारांच्या खात्यातली रक्कम मात्र सुरक्षित राहिली, तोटा बँकेचा. असा घाव बसला की सुरक्षेची फाइल कपाटातून बाहेर येते.

सगळंच रुपयांत मोजायची तिथली सवय आम्हाला पटली नाही. एखाद्या मुलीचे फोटो किंवा दवाखान्यातली माहिती बाहेर फुटली, तर तो मजकूर कोणत्या रकान्यात लिहायचा? वर्गात विचारलं, तर उत्तर आलं, "कंपनीची अब्रू." तिच्या अब्रूचं काय, ते राहिलंच.

आता तुमच्या खात्याचं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं आणि डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसंच काढलं. त्यात पुराव्याची जबाबदारी बँकेवर टाकली. चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणी यंत्रणेत घोटाळा केला, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं की तुमचा तोटा शून्यच. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत झळ. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजून दोन दिवस गप्प बसू नका, त्यात फक्त रक्कम वाढते.

बँकेचा एसएमएस वाचता येत नसेल तर घरातल्या कोणालातरी रोज वाचायला सांगा, दिवसांची मोजणी त्या संदेशापासून होते. पैसे गेले की आधी बँकेला आणि लगेच १९३० ला फोन. तक्रार क्रमांक मागून घ्या, तारीख आणि वेळ पासबुकाच्या मागे लिहून ठेवा. बँकेतला माणूस "उद्या या" म्हणाला, तरी क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.