दम खाणं हाही व्यायामच!

बालमित्रांनो, आपण भाकरी खातो, कधी बोलणी खातो आणि कधी 'दम'ही खातो! दम खाणं म्हणजे घडीभर थांबून श्वास जागेवर आणणं. आपल्या वाशीमकडे नांगराची बैलजोडी धुऱ्याजवळ आली की जाणता शेतकरी तिला जरा उभी करतो. सोयाबीनची पोती वाहणारे हमाल चार-सहा खेपा झाल्या की थप्पीला टेकतात. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. मग मैदानावर जोर काढताना थांबलेल्या मुलालाच "झालं का? एवढ्यात दमला?" असं का चिडवायचं?

पोलीस भरतीची तयारी करणारे दादा-ताई पहाटे धावतात, जोर-बैठका काढतात. त्यांचं पाहून शाळेतली मुलंही पैज लावतात, न थांबता कोण जास्त काढतो! पहिले दहा जोर झकास होतात. पुढे कंबर खाली झुलते, कोपर अर्धेच वाकतात, मान लोंबते. आकडा वाढतो, पण व्यायाम बिघडतो. खांदा किंवा पाठ दुखावते ती अशाच वेळी.

रांजण आणि बारीक नळ

दहा जोर काढले, थांबलो, पुन्हा दहा काढले. अशा एकेका गटाला व्यायामशाळेत 'सेट' म्हणतात. दोन सेटच्या मधल्या थांबण्यात शरीर काय करतं?

आपल्या स्नायूंत जोराच्या कामासाठी थोडी तयार शक्ती साठवलेली असते. 'क्रिएटिन फॉस्फेट' नावाचा पदार्थ ती पुरवतो. हा साठा घरातल्या रांजणासारखा समजा. जीव तोडून जोर लावला तर तो दहाएक सेकंदांतच बराचसा उपसला जातो. आपण थांबलो की शरीर श्वासातल्या प्राणवायूच्या मदतीने तो पुन्हा भरायला लागतं. पण हा नळ बारीक धारेचा! साधारण अर्ध्या मिनिटात रांजण निम्मा भरतो. जवळजवळ पूर्ण भरायला तीन-चार मिनिटं लागतात. अर्ध्या रांजणावर पुन्हा तेवढंच पाणी उपसायला गेलो, तर मडकं बुडाला खडखडणारच ना?

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजनं उचलायची सवय असलेल्या २१ तरुणांचे त्यांनी दोन गट केले. व्यायाम दोघांचा सारखाच, पण एक गट दोन सेटमध्ये एक मिनिट थांबे आणि दुसरा तीन मिनिटं. आठ आठवड्यांनी तीन मिनिटं दम खाणाऱ्यांची ताकद जास्त वाढलेली दिसली!

खाशाबांचा अर्धा तास

आता सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या एका पैलवानाची गोष्ट ऐका. खाशाबा जाधव हे त्यांचं नाव. १९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या गटात सुवर्ण जपानच्या इशीला आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवला मिळालं.

त्या स्पर्धेची एक हकीकत कुस्तीप्रेमी आजही हळहळून सांगतात. एक लांबलेली, दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तसं ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगानेच खाशाबा उतरले आणि हरले. ताकद होती, डाव होते, हिंमतही होती. नव्हता तो फक्त दम खायला वेळ!

वेटलिफ्टिंगमध्ये याची दखल नियमांतच आहे. खेळाडूचं नाव पुकारल्यावर त्याला वजन उचलायला एक मिनिट मिळतं. पण त्याच खेळाडूची पाळी लागोपाठ आली, तर दोन मिनिटं मिळतात. कबड्डीतही दोन डावांच्या मध्ये विश्रांती असतेच.

किती थांबायचं?

जसं काम, तसा विसावा. मोठी मुलं प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलतात, तेव्हा दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं थांबणं योग्य. जोर-बैठकांसारख्या मध्यम व्यायामाला दीड-दोन मिनिटं बरी. हलक्या व्यायामातून चिवटपणा कमवायचा असेल तर अर्धं ते एक मिनिटही चालतं. थांबणं म्हणजे लोळणं नव्हे, आणि गप्पांचा फड तर मुळीच नव्हे! हळूहळू चालावं, खोल श्वास घ्यावा, तहान असेल तर घोटभर पाणी प्यावं.

एक गंमत करून पाहा. एके दिवशी जोरांचे तीन सेट काढा. प्रत्येक सेटमध्ये नीट जमतील तेवढेच जोर काढा आणि अंग वाकडं व्हायच्या आत थांबा. मध्ये फक्त अर्धं मिनिट थांबा आणि आकडे वहीत लिहा. दोन दिवसांनी हेच करा, पण मध्ये तीन मिनिटं थांबा. मित्राला घड्याळ धरायला बसवा. दोन्ही दिवसांची बेरीज शेजारी शेजारी मांडा, म्हणजे रांजणाचं गणित आपोआप कळेल. दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र लगेच थांबून मोठ्यांना सांगायचं.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मूल मैदानावर थांबलेलं दिसलं की आपल्या तोंडून चटकन "बसला काय? चाल, उठ!" असं निघतं. त्याऐवजी हातातलं घड्याळ पाहा आणि म्हणा, "थांब लेका, दम खाय जरा!" हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने असं बोलणारं कुणी नव्हतं. आपल्या मुलांच्या बाजूने बोलायला आपण तर आहोत ना?